पत्र्याच्या देवाचा कौल

शूटिंगची सुट्टी झाली, सगळी पोरं जेवणाचा तांबडा रस्सा ओढायला पळाली, आणि सम्राट मात्र पत्र्याच्या देवातच बसून राहिला. रुसून.

देव म्हणजे त्यांच्या पिक्चरमधला. लई वर्षांनंतरचं कोल्हापूर, पंचगंगा आटलेली, आणि माणसं पाण्यासाठी एका मशीनला कौल लावत्यात. मशीनच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवायची, प्रश्न मनातच विचारायचा. उजवं पडलं की व्हय, डावं पडलं की न्हाय. आतनं पत्र्याला टिचकी मारायला सम्राट.

गोष्ट सम्राटनं लिहिलेली. मशीनबी त्यानंच ठोकलेलं, भंगारातनं पत्रा आणून. पण डायरेक्टर कोण? राजवर्धन. का, तर कॅमेरा त्याचा. आज स्पर्धेला डायरेक्टरचं नाव जाणार, आणि जिंकलं तर त्यालाच पुण्यात पिक्चरचं शिकायला घेणार. सकाळपासून जो तो राजवर्धनच्या मागं मागं. अनुजा तर त्याच्या फालतू जोकलाबी हसती.

तेवढ्यात ती दोघंच परत आली.

"सम्राट कुठाय?" अनुजा म्हणाली.

"गेला असंल जेवायला. थांब, कौल लावतो."

"खुळा झालास काय? डबा हाय त्यो. आपल्या पिक्चरातली माणसं अशीच वाया गेल्यात की. स्वतःच मशीन बनवायचं आणि स्वतःच पाया पडायचं."

"गल्लीतल्या बायका हळदकुंकू वाहून गेल्यात त्याला. आता देवच झाला की. आणि काय करावं ते मला सुधरंना झालंय बघ."

सम्राट फटीतनं बघत हुता. राजवर्धननं चप्पल काढली, फुलं भिजवून चिकटवली, हात जोडले, डोळे मिटले.

ह्याला आणि काय पायजे? सगळं तर मिळालंय. सम्राटनं दात खाल्ले आणि डाव्या अंगाला हळूच टिचकी मारली.

फूल पडलं.

राजवर्धननं ते फूल उचलून कपाळाला लावलं. मग त्यानं मोबाईल काढला, स्पर्धेच्या फॉर्मात डायरेक्टरचं नाव भरलं आणि पाठवून दिलं.

"झालं," तो म्हणाला. "आता बदलता येत न्हाय."

"पण विचारलंस काय?"

"गोष्ट त्याची, मशीन त्याचं. डायरेक्टर म्हणून सम्राटचंच नाव घालू का, म्हणून विचारलं."