अर्धा तास

माझ्या आजेसासूबाई, माझ्या सासूबाई आणि मी. आमच्या घरची बाई दिवसाउजेडी कधी आडवी झाली नाही. गेल्या वर्षी सुनेने एकदाच विचारले होते, "आई, अर्धा तास पडू का? फार थकायला होतं."

"नाटकं पुरेत," मी म्हणाले होते.

आज सुनेचा लिम्फोमाचा कर्करोग हाडांच्या मज्जेत उतरला आहे का, हे पाहण्यासाठी कॉन्ट्रास्टचे इंजेक्शन देऊन तिचा एमआरआय केला. टेक्निशियन हसत म्हणाला, "आजी, मशीनच्या त्या ठणठणाटात ह्या चक्क घोरत होत्या! इंजेक्शन दिलंय, आता अर्धा तास इथेच पडू द्या."

मला पाहताच ती धडपडून उठू लागली. "आई, चुकलं हो. डोळा लागला."

"झोप," मी म्हणाले, आणि तिचा तो अर्धा तास, एक मिनिटही कमी न करता, उशाशी उभी राहून फेडला.