हुतात्मा सोमा चौक

"नाक एवढं सरळ नको," सुंदराबाई म्हणाली. "मधी जरा उंचवटा होता."

मूर्तिकार अल्पेशने ओल्या मातीवर अंगठा दाबला. उल्हासनगरच्या त्याच्या कारखान्यात आज तिची चौथी खेप होती. बदलापूरजवळच्या चामटोलीहून दोन रिक्षा बदलून ती यायची, स्टुलावर बसायची आणि मातीच्या त्या डोक्याकडे बघत राहायची.

पुतळा तिच्या नवऱ्याचा, सोमाचा होता. छत्तीस वर्षांपूर्वी चामटोलीच्या जमिनी बळकावायला माणसं आली, तेव्हा सोमा बांधावर आडवा झाला आणि तिथेच मारला गेला. गुन्हा अनोळखी इसमांवर दाखल झाला, पुढे फाइल बंद झाली. त्या जमिनीवर आता सात मजली इमारती होत्या. गावाला सोमाचा विसर पडला होता. यंदा निवडणूक जवळ आली तशी नगरसेवक अक्षयला त्याची आठवण झाली. नाक्यावर अर्धपुतळा बसवायचा आणि नाक्याला हुतात्मा सोमा चौक म्हणायचं, असं ठरलं.

फोटो मात्र नव्हता. लग्नातला एकुलता एक फोटो दोन हजार पाचच्या पुरात गेला. भाऊबंद जमिनी विकून कधीच पांगले होते, पोरं तेव्हा तान्ही होती. चेहरा सांगू शकेल अशी सुंदराबाईच उरली होती.

"भुवया?" अल्पेशने विचारलं.

"दाट. डावी जरा वर. कान मोठे नकोत, डोक्याला चिकटलेले."

"मावशी, इतनी सालं झाली. एवढं कसं याद राहतं तुम्हाला?"

"याद कशाला ठेवायला लागते? डोळे मिटले का समोर येतो."

अल्पेशची आईही विधवा होती. बापाच्या फोटोला रोज हार घालायची. पण फोटो नसता तर तिला बापाच्या भुवया सांगता आल्या असत्या का, अशी शंका त्याच्या मनात येऊन गेली.

"तुम्ही तिथे होता तेव्हा?"

"भाकर घेऊन गेले होते. ते बांधावर पडलेले." सुंदराबाईने पदराने तोंड पुसलं. "कोयतेवाला माझ्यापासनं तुझ्याएवढ्या अंतरावर. मी पोलीस जमादाराला सांगितलं, मी त्याला बघितलाय. तर म्हणाला, बाई, घरी जा, पोरं सांभाळ."

अल्पेशने मातीचा नवा गोळा घेतला. तो मळून ओठांच्या जागी लावला.

"वठ पातळ कर," ती म्हणाली. "एका बाजूनं हसायचा."

तेवढ्यात अक्षय आला. फोन कानालाच होता. त्याने मातीच्या डोक्याभोवती एक फेरी मारली.

"भारी! एकदम हिरो वाटतोय. कुठेतरी पाहिल्यासारखा वाटतो रे."

"गाववाला आहे ना, साहेब. आपलाच वाटणार."

"काकू, झालं ना तुमच्या मनासारखं? रविवारी कार्यक्रम आहे. अजून साचा काढायचा, फायबर ओतायचं."

सुंदराबाई उठली. मातीच्या गालाजवळ तोंड नेऊन तिने बराच वेळ पाहिलं. मातीला मात्र हात लावला नाही.

"झालं," ती म्हणाली. "हाच."

रविवारी सकाळी नाक्यावर मांडव पडला. ढोल-ताशा आला. अक्षयने माइकवर सांगितलं, की सोमाचं रक्त या मातीत सांडलं आणि या मातीतला माणूस ते कधी विसरला नाही. पुतळ्याचं अनावरण त्याने आपल्या वडिलांच्या हस्ते ठेवलं होतं. शंकरराव म्हणजे बदलापूर गावातलं मोठं प्रस्थ. सत्तरी उलटलेली, टक्कल पडलेलं, गालफडं सुजलेली, छातीपर्यंत पांढरी दाढी. दोघांच्या आधाराने ते चौथऱ्यापाशी आले.

बायकांच्या पहिल्या रांगेत त्यांची बायको द्रौपदीबाई सुंदराबाईच्या शेजारी बसली होती. तिने सुंदराबाईचा हात आपल्या हातात घेतला.

"उशिरा का होईना, न्याय झाला बघा तुमच्या माणसाला," ती मनापासून म्हणाली.

"अजून कापड निघायचंय," सुंदराबाई म्हणाली.

शंकररावांनी दोरी ओढली. भगवं कापड सरसरत खाली आलं. टाळ्या वाजल्या, कोणीतरी 'सोमा अमर रहे' ओरडलं, कॅमेरे वर झाले. शंकरराव तेवढे हलले नाहीत. दोरी त्यांच्या मुठीत तशीच राहिली आणि धरणाऱ्यांच्या हातावर त्यांचा सगळा भार आला.

द्रौपदीबाईने चष्मा सावरला. पुतळ्याकडे निरखून पाहिलं. मग तिला हसूच आलं, आणि ढोल थांबल्यावर पसरलेल्या शांततेत तिने मुलाला मोठ्याने हाक मारली.

"अरे अक्षय, हा सोमा कुठला? हा तर आमच्या लग्नातला तुझा बाप आहे!"