कोपराचा खळगा

मायलेजच्या स्पर्धेत दुसऱ्या कॉलेजच्या गाडीवरची ताडपत्री निघाली आणि उल्काच्या हातातला चहा तसाच राहिला. मागची बाजू हुबेहूब तिच्या गाडीसारखी, शेपटीकडे निमुळती होत गेलेली. पाठ बोथट असली की मागे हवेचे भोवरे उठतात, ते गाडीला मागे खेचतात आणि पेट्रोल फुकट जळतं. गाडीभर लोकरीचे धागे चिकटवून, ते कुठे फडफडतात ते बघत बघत तिनं हा आकार शोधला होता.

सुचला असेल त्यांनाही, असं मनाला समजावत ती जवळ गेली. शेपटीवरून हात फिरवला, तर डावीकडे बोटं खळग्यात उतरली.

ज्या मातीच्या साच्यावर तिच्या गाडीचं अंग घडवलं, त्याची माती ओली असताना तिच्याच टीममधल्या रणजितचं कोपर तिथं टेकलं होतं. ती चिडली तेव्हा तो हसून म्हणाला होता, "राहू दे गं, आपल्या दोघांची खूण." तिनं तो खळगा जिवापाड जपला होता.

"मी सांगणारच होतो तुला," मागून रणजितचा आवाज आला.

उल्का वळलीही नाही. "साचा दिलास तो दिलास," ती म्हणाली, "आपली खूण तरी बुजवायचीस."