वाचता येतं

नव्या स्क्रीनवरची अक्षरं मुंग्यांएवढी दिसत होती. थोरली नाक काचेला लागेपर्यंत पुढे वाकली, तरी एक ओळ धड लागेना. स्क्रीनचे ठिपके इतके दाट आणि अक्षरं इतकी बारीक, की चांगल्या डोळ्यांच्या माणसानंही भिंग घेऊन बसावं.

जुन्या संगणकावर अक्षरं नीट उमटत नाहीत, अशी आईची फोनवर तक्रार होती. म्हणून थोरली नवा संगणक घेऊन आली. पण आईचा हट्ट, आतलं सगळं बाबांच्या वेळचंच हवं. म्हणून थोरलीनं त्यावर बाबा वापरायचे तेच लिनक्स चढवलं, बाबांचं सगळं काम जुन्यावरून उतरवून घेतलं, आणि आता अक्षरं मोठी करायला बसली. बाबा जन्मभर नकाशे काढत आलेले. त्यांनी हे कधीतरी केलंच असणार, असं वाटून तिनं त्यांची सेटिंगची फाईल उघडली.

वर एक आकडा, ९६. म्हणजे नेहमीची अक्षरं. खाली १२०, मग १४४, मग १९२. आकडा बदलताना बाबांनी जुनी ओळ पुसली नव्हती. तिच्या सुरुवातीला खूण टाकली होती. तशी खूण असली की संगणक ती ओळ वाचत नाही, ती फक्त माणसासाठी उरते. आणि प्रत्येक आकड्याशेजारी तारीख होती, पुढे दोन-तीन शब्द.

१२०. वाचता येतं.

१४४. वाचता येतं.

१९२. अजून वाचता येतं.

थोरलीचा हात थांबला. सहा वर्षांत दुप्पट अक्षरं. ती बाबांना लांबलचक मेल लिहायची आणि त्यांचं एका ओळीत उत्तर यायचं. वाचायचा कंटाळा येत असेल तर तसं सांगा, असं एकदा तिनं फटकन सुनावलंही होतं. तिला आता स्वतःचीच लाज वाटली.

डोळे पुसून ती फाईलच्या शेवटाकडे गेली.

२८८. वाचता येतं.

३८४. थोडं.

तिनं तारखा पाहिल्या. पुन्हा पाहिल्या. बाबांना जाऊन चौदा महिने झाले होते. एक ओळ अकरा महिन्यांपूर्वीची होती, दुसरी चार महिन्यांपूर्वीची. भर दुपारी तिच्या अंगावर काटा आला. घरात दुसरं कुणी राहत नव्हतं, आणि आई तर म्हणायची, मला त्या यंत्रातलं ओ की ठो कळत नाही.

"शेवटचे दोन मी लिहिले," मागून आई म्हणाली. ती दारात उभी होती. "वरचे यांनी लिहिले, पण तेही माझ्याच डोळ्यांचे. यांचे डोळे शेवटपर्यंत ठणठणीत होते."

मग ती हळूहळू सांगत गेली. तिची नजर हळूहळू जाणार, असं डॉक्टरांनी सात वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. बाबा रोज सकाळी तिच्यासाठी एक पान लिहून ठेवायचे, दुपारी ती वाचायची. वाचता येईनासं झालं की ते आकडा वाढवायचे. जायच्या आधी त्यांनी तिला तेवढं शिकवून ठेवलं होतं, आकडा कुठे बदलायचा आणि शेजारी काय लिहायचं.

थोरलीचा विश्वास बसेना. दोन दिवस ती इथेच होती. आई कुठे अडखळली नव्हती, तिच्या हातून काही सांडलं नव्हतं. मला का नाही सांगितलंस, एवढंच तिनं विचारलं.

"तू मला इथं राहू दिलं असतंस का?"

थोरलीनं खुर्ची स्क्रीनकडे वळवली. ती कामाला लागली. नव्या स्क्रीनचे ठिपके दुप्पट दाट, म्हणून तिनं आकडाही दुप्पट टाकला. ७६८. मग बाबांच्या पानांतलं एक उघडलं आणि तेही ताणत ताणत इतकं मोठं केलं, की ओळीतलं एकच अक्षर मावेल, फार तर दोन.

पान सुरू होत होतं ते बाबांच्या नेहमीच्या हाकेनं. अख्ख्या स्क्रीनवर, या कडेपासून त्या कडेपर्यंत, तेवढाच शब्द उभा राहिला: अगं.

तिनं आईला खुर्चीत बसवलं. आईनं चष्मा पदराला पुसला, डोळ्यांवर चढवला, हात मांडीवर ठेवले आणि स्क्रीनकडे तोंड करून शांतपणे वाट पाहत राहिली. बराच वेळ.

"मोठी झाली अक्षरं," ती म्हणाली, "की सांग हं मला."