नळीजवळची खुर्ची

१९७४ सालच्या थंडीत, एका अनोळखी माणसाच्या शोकसभेत, वन्सं घोरायला लागल्या. वहिनींनी कोपर मारलं. घोरणं थांबलं, डुलकी चालूच राहिली.

या दोघी नणंद-भावजया गेलेल्याच्या कोणीच नव्हत्या. त्या आल्या होत्या उबेला. त्या वर्षी रॉकेल इतकं महागलं की घरातली शेगडी फक्त स्वयंपाकापुरती पेटायची. वहिनींचा जन्म कारखान्यात लोकांचे गरम कोट शिवण्यात गेला, आणि आता त्यांच्याच कोटाची कोपरं विरली होती. त्यात वन्संची छाती भरलेली. "यांना उबेत ठेवा," असं डॉक्टर सांगून गेले. सांगायला त्यांचं काय जातंय!

गाव डोंगरातलं, बर्फ पडणारं. नगरपालिकेच्या हॉलमध्ये मात्र भिंतींना लागून गरम पाण्याच्या नळ्या होत्या. कुणी हॉल भाड्यानं घेतला की त्या तापायच्या. लग्नाला आमंत्रण लागतं, हातात आहेर लागतो. शोकसभेला नुसतं तोंड पाडून बसलं की भागतं. कुणी काही विचारलंच, तर वहिनींकडे तीन वाक्यं तयार होती. माणूस साधा होता. कधी कुणाला त्रास दिला नाही. हल्ली अशी माणसं राहिली नाहीत. तिन्ही वाक्यं कुठल्याही मयताला बेतून शिवल्यासारखी बसायची.

अडचण एकच, मफलरवाले. हे म्हातारेबुवासुद्धा कुणाचेच कोणी नव्हते, पण सगळ्यांच्या आधी येऊन नळीजवळची खुर्ची धरायचे आणि नळीवर मोजे वाळत घालायचे. वन्संनी एकदा त्यांना भर सभेत छेडलं होतं, "काय हो, गेलेला तुमचा कोण?"

"तुमचा जो, तोच आमचा," मफलरवाले डोळे बारीक करून म्हणाले आणि त्यांनी दुसरा मोजा काढला.

आज ती खुर्ची रिकामी होती. "कुठं उलथलेत कोण जाणे. बरं झालं!" असं म्हणत वन्संनी ती पटकावली आणि पाठ नळीला टेकताच त्यांचा डोळा लागला.

वहिनींचा मात्र जीव थाऱ्यावर नव्हता. हॉलचा किल्लीवाला दारात उभा राहून त्यांच्याकडेच बघत होता. मागच्या आठवड्यात त्यानं बजावलं होतं, "बाई, एक दिवस सगळ्यांसमोर विचारीन, गेलेला तुमचा कोण. मग थंडी संपेपर्यंत या दारात दिसायचं नाही." दार बंद झालं तर वन्संची छाती थंडी काढणार नव्हती. हे वहिनींना पक्कं ठाऊक होतं.

समोर गेलेल्याचा मुलगा बोलत होता. तो दूरगावाहून आला होता. "बाबा म्हणायचे, मी एकटा कुठाय, रोज चार माणसांत बसतो. रविवारी झोपेतच गेले. डॉक्टर म्हणाले, गारठ्यानं. मला कळतच नाही. मी पाठवलेली शेगडी पलंगाशेजारीच होती. कोरी करकरीत. वातसुद्धा काळी झालेली नव्हती." त्यानं नाक पुसलं. "कुणाला दोन शब्द बोलायचे असतील तर..."

"या बाई बोलतील!" दारातून किल्लीवाला ओरडला. "फार जवळून ओळखायच्या!"

वहिनी उठल्या. तीन वाक्यं जिभेवर घेऊन पुढे गेल्या. फोटो तरुणपणीचा होता. भरघोस मिशा, गळा मोकळा. वहिनींनी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. ते बारीक केलेले डोळे त्यांनी ओळखले.

"माणूस साधा..." म्हणून त्या थांबल्या. मग मागे वळून पाहिलं. मफलरवाल्यांच्याच खुर्चीवर वन्सं तोंड उघडं टाकून झोपल्या होत्या.

"रविवारी हॉल बंद असतो," वहिनी म्हणाल्या.

"म्हणजे?" मुलगा म्हणाला.

"म्हणजे नळ्या गार असतात. तुझे बाबा इथं उबेला यायचे. आम्हीही उबेलाच येतो. कोण गेलंय याच्याशी आम्हाला काही देणंघेणं नसतं. शेगडी चांगलीच होती रे बाळा. रॉकेल कुणी पाठवलं नाही."

वन्सं पुन्हा घोरायला लागल्या होत्या. किल्लीवाला तरातरा वन्संकडे निघाला. आता हा त्यांना दंडाला धरून उठवणार, असं सगळ्यांना वाटलं. त्यानं त्यांच्या डोक्यावरची उघडी खिडकी लावून घेतली आणि तो परत दारात जाऊन उभा राहिला.

ती शेगडी मुलानं वहिनींना दिली, या वेळी रॉकेलसकट. थंडी संपेपर्यंतच्या सगळ्या रविवारांसाठी त्यानं जादा भाडं भरून हॉल घेतला. नाव काय लिहू, असं किल्लीवाल्यानं विचारलं, तर म्हणाला, "बाबांचंच लिहा." एका माणसाच्या इतक्या शोकसभा त्या गावात कधी झाल्या नसतील. लोक भरल्या हॉलमध्ये मफलरवाल्यांबद्दल इतकं चांगलं बोलायला लागले, की ते असते तर त्यांनीच उठून हरकत घेतली असती. पुढे नगरपालिकेनं थंडीत हॉल रोज उघडा ठेवायचा ठराव केला. त्याचं श्रेय अर्थातच अध्यक्षांनी घेतलं. किल्लीवाला निवृत्त झाला आणि दुसऱ्याच दिवसापासून नळीजवळच्या खुर्चीसाठी वन्संशी भांडायला लागला.

वन्सं त्यालाही पुरून उरल्या. त्या गेल्या तेव्हा बाहेर बर्फ पडत होता आणि त्यांच्या शोकसभेला बसायला जागा नव्हती. निम्म्या लोकांनी त्यांचं नावही ऐकलेलं नव्हतं. बऱ्याच जणांचे मोजे नळीवर होते.

"आजी," नव्या किल्लीवाल्यानं वहिनींना हळूच विचारलं, "एवढी सगळी तुमची माणसं?"

"आमचीच," वहिनी म्हणाल्या. "दार लावून घे, वारा येतोय."