ठोकळ्याचा आवाज

भर दुपारी चौकातल्या कट्ट्यावर कुमुदने पिशवीतून लाकडी ठोकळा काढला, त्यावर कोंबडीच्या माना ठेवल्या आणि सुरा चालवायला घेतला. ठक, ठक, ठक.

फटाक्यांना भिऊन पळालेल्या खंड्याचा पाच दिवस पत्ता नव्हता. डोळे गेलेला म्हातारा कुत्रा तो; पण रोज सकाळी स्वयंपाकघरात हा आवाज झाला, की घरात असेल तिथून यायचा.

“लोक हसतायत गं. हा सातवा चौक,” नवरा म्हणाला.

“हसू द्या.”

मनगट सुजून सुरा तिच्या हातातून निसटला, तेव्हा त्यानेच तो उचलला आणि माना तोडायला बसला.

वासाने मोकाट कुत्री जमली. कुमुदने एकेकाचं तोंड न्याहाळलं. खंड्या नव्हता. मानाही संपल्या. तिने सगळे तुकडे जमिनीवर ओतले, तशी कुत्री एकमेकांवर तुटून पडली.

मागे गटाराच्या कडेला मात्र एक हाडकुळं, चिखलाने माखलेलं कुत्रं कान टवकारून नुसतं बसून होतं.

“घे” म्हटल्याशिवाय खायचं नाही, हे तिनेच त्याला शिकवलं होतं. आणि आता तेवढा एक शब्द तिच्या तोंडून फुटेना.