एकाच चुलीची भावंडं

मॉरिशसहून आलेल्या नव्या सुनेनं बॅगेतून काळा वरवंटा काढला, तशा सासूबाई हसल्या. "अगं बाई, सह्याद्रीच्या पायथ्याला दगड आणलास?"

"आईचा आहे," म्हणत ती तो पुन्हा साडीत गुंडाळू लागली.

शाळेत भूगोल शिकवणाऱ्या सासऱ्यांनी तो घेऊन घरच्या पाट्यावर ठेवला. रंग तोच, पोत तोच. "आपला सह्याद्री ज्या आगीतून उपजला, ती समुद्राखाली अजून धगधगतेय. आपली भूमी तिच्यावरून कोट्यवधी वर्षं बोट-बोट सरकत इथवर आली; पुढे त्याच आगीनं सूनबाईचं बेट घडवलं."

सासूबाई दोन्ही दगडांवर हात फिरवत राहिल्या. "एवढी जमीन चालत आली, आणि आम्हाला पत्ता नाही! म्हणजे ही एकाच चुलीची भावंडं."

मग त्यांनी आपला वरवंटा फळीवर ठेवला. "सूनबाई, चटणी तुझ्याच वरवंट्यानं वाट. मिरच्या तेवढ्या बेतानं घाल हो, आपली आग अजून विझलेली नाही."